‘नाही’ म्हणणारे केमिस्ट काका

भाद्रपदातलं लालबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. रात्री दीड वाजतासुद्धा रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नसते. लांबलांबून आलेली माणसं, कडेवरची झोपलेली पोरं, मध्येच कोसळणारा पाऊस आणि त्यात ढोल-ताशा! त्या दहा दिवसांत आमच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी खोकत असतंच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी गौरी जेवायच्या होत्या. पुरणाची डाळ भिजत घातली होती, नणंद मुलांना घेऊन आली होती आणि नेमका रात्री माझा मुलगा तापला. घसा लाल, नाक गळतंय, खोकला. मी पर्स उचलली आणि नाक्यावरच्या केमिस्ट काकांकडे गेले.

‘‘काका, ती घशाची तीन गोळ्यांची स्ट्रिप द्या हो. गेल्या वेळेस घेतली होती ती.’’

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘चिठ्ठी?’’

‘‘आत्ता दहा वाजता चिठ्ठी कुठली आणू? आपले डॉक्टर गणपतीला कोकणात गेलेत.’’

‘‘मग तापाची गोळी देतो. गुळण्या करू दे, पाणी भरपूर पाजा. ताप तीन दिवसांत उतरला नाही, दम लागला, अंगावर पुरळ आलं तर तडक केईएमला न्या. पण ती गोळी चिठ्ठीशिवाय नाही मिळायची.’’

काय सांगू, इतका राग आला! मी बी.ए. झालेली बाई, महिला मंडळाची चिटणीस, वस्तीत आरोग्य शिबिरं भरवणारी. मला हा माणूस शिकवतो? दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या पोऱ्याने मान वर न करता स्ट्रिप काउंटरवर टाकली. घरी येताना मी मुद्दाम काकांच्या दुकानासमोरून आले. काहीतरी जिंकल्यासारखं वाटत होतं.

मुलगा चौथ्या दिवशी बरा झाला. साधा सर्दी-पडशाचा ताप होता तो, गोळी दिली नसती तरीही चौथ्या दिवशी बराच झाला असता. पण हे मला कळायला दीड वर्ष जावं लागलं आणि त्याची किंमत मोजली माझ्या सासूबाईंनी.

रिपोर्टवरचे ‘आर’

सासूबाईंना मधुमेह. लघवीला जळजळ होण्याचा त्रास अधूनमधून व्हायचा. पहिल्यांदा डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी आराम पडला म्हणून त्यांनी उरलेल्या गोळ्या बिस्किटाच्या डब्यात ठेवून दिल्या. ‘‘कशाला फुकट घालवायच्या, पुढे कामाला येतील,’’ असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटलं. आपल्या घरात काहीच फुकट जात नाही ना! पुढच्या वेळी त्याच उरलेल्या दोन गोळ्या दिल्या. त्याच्या पुढच्या वेळी तीच रिकामी स्ट्रिप दाखवून चार आणल्या, त्याही त्या दुसऱ्या दुकानातून. वर्षभरात असं तीन-चार वेळा झालं. डॉक्टरांची फी वाचली, असा माझा हिशेब.

मग एका संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. रात्री त्या असंबद्ध बोलायला लागल्या, मला त्यांची थोरली बहीण समजून हाक मारू लागल्या. टॅक्सी करून हॉस्पिटलात नेलं. लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून त्याच्यावर एकेक औषध घालून पाहतात, तो कल्चर रिपोर्ट दोन दिवसांनी आला. औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. ‘एस’ म्हणजे औषधाने जंतू मरतो. ‘आर’ म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाही. मी बोट ठेवून वाचत गेले... आर, आर, आर. तोंडाने घ्यायच्या सगळ्या गोळ्यांपुढे आर! शेवटची दोन-तीन इंजेक्शनं तेवढी उरली होती.

डॉक्टर तरुण होती. तिने विचारलं, ‘‘आजींनी याआधी कुठली अँटिबायोटिक्स घेतली? किती दिवस? कुणी लिहून दिली?’’ मी एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर देऊ शकले नाही. दर आठ तासांनी शिरेतून इंजेक्शन, असे दहा दिवस. माझ्या पाटल्या मोडल्या. पाटल्यांचं काही नाही, पण पाचव्या दिवशी सुद्धा ताप उतरत नव्हता, तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मी जे काही मनात आणलं ते इथे लिहवत नाही.

सासूबाई घरी आल्या. दहा किलो वजन गेलं होतं, पण आल्या. दुसऱ्या दिवशी औषधांची चिठ्ठी घेऊन मी नाक्यावर गेले, ती त्याच काकांकडे. त्यांनी चिठ्ठी वाचली, डिस्चार्जचा कागद वाचला. मला वाटलं आता ऐकवतील. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, ‘‘बसा ताई. या गोळ्या कशा द्यायच्या ते नीट समजावतो.’’

उंदरांची गोष्ट

त्या दिवसापासून मी काकांची विद्यार्थिनी झाले. जंतू औषधाला सरावतात म्हणजे नक्की काय होतं, हे त्यांनी मला चाळीच्याच भाषेत सांगितलं.

‘‘चाळीत उंदीर झाले की आपण विषाच्या गोळ्या ठेवतो. भोळे उंदीर खातात आणि मरतात. एखादा मात्र असा निघतो की त्याला ते विष बाधत नाही. बाकीचे मेले की सगळी चाळ त्याचीच! त्याची पिल्लंही तशीच. पुढच्या वर्षी तुम्ही तीच गोळी ठेवलीत तर ती काय कामाची? जंतू तर उंदरांच्याही पुढचे. ते आपली युक्ती शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतात. म्हणून जितक्या वेळा आपण गरज नसताना अँटिबायोटिक घेतो, तितक्या वेळा पोटातल्या जंतूंना शिकवणी देतो.’’

आणखी एक गोष्ट तेव्हा डोक्यात शिरली. अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक, मारतं ते जिवाणूंना. सर्दी, फ्लू, बहुतेक घसेदुखी, लहान मुलांचे बरेचसे जुलाब हे विषाणूंमुळे होतात. विषाणूवर या गोळीचा काडीचाही उपयोग नाही. करोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत घराघरात ही गोळी चण्या-फुटाण्यांसारखी खाल्ली गेली, आठवतंय ना? त्याच्याही आधीचा, २०१९ सालचा भारतातल्या खासगी औषधविक्रीचा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत जास्त खपलेलं अँटिबायोटिक होतं अॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम. हीच ती माझी ‘घशाची तीन गोळ्यांची स्ट्रिप’!

आणि परिणाम? २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२मध्ये आला. त्यातले जवळजवळ ३ लाख मृत्यू आपल्या देशातले. गंमत म्हणजे, खरं तर गंमत कसली, हा इशारा पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच दिला होता. १९४५मध्ये नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी सांगून ठेवलं होतं की, अपुऱ्या मात्रेत औषध घेतलं तर जंतू त्याला सरावतील.

आमच्या परळला हाफकिन संस्था आहे. १८९६च्या प्लेगने मुंबई रिकामी होत होती, तेव्हा डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. त्या काळात अँटिबायोटिक नावाची वस्तूच जगात नव्हती. सासूबाईंची आजी बाळंतरोगाने गेली, पहिलटकरीण असताना, विशीच्या आत. घरोघरी अशी एखादी आजी-पणजी असायचीच. पुढे पेनिसिलिन आलं. १९५४मध्ये आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि हे औषध गोरगरिबांच्या आवाक्यात येऊ लागलं. बाळंतीण वाचायला लागली. आज सिझेरियन होतं, गुडघा बदलला जातो, परळच्याच टाटा हॉस्पिटलात केमोथेरपी होते, ते सगळं या औषधांच्या भरवशावर. ती निकामी झाली तर आपल्या लेकी-सुना पुन्हा पणजीच्या काळात जातील. माझ्या मते हा स्वयंपाकघराइतकाच आपला, बायकांचा, प्रश्न आहे.

लाल रेघ आणि जाडजूड वही

काकांच्या काउंटरखाली एक जाडजूड वही आहे. त्यांनी ती मला उघडून दाखवली. कायद्यात औषधांची ‘शेड्यूल एच’ नावाची यादी आहे. ती औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नेहमीची अँटिबायोटिक्स त्यातच येतात. पण कायदा कागदावर राहिला, म्हणून २०१३मध्ये सरकारने ‘शेड्यूल एच-वन’ ही आणखी कडक यादी काढली. १ मार्च २०१४पासून ती लागू झाली. तिच्यात ४६ औषधं होती, वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि झोपेच्या काही गोळ्या. ही विकताना केमिस्टने डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवायची. काकांचं अक्षर मोत्यासारखं आहे. एकेक नोंद वाचताना मला ती दुकानाची वही वाटेना, गावच्या तलाठ्याचं दप्तर वाटलं.

पुढे फेब्रुवारी २०१६मध्ये ‘लाल रेघे’ची मोहीम निघाली. स्ट्रिपच्या मागे उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही लाल रेघ कळते. मैत्रिणींनो, हा लेख वाचून झाल्यावर उठा आणि घरातला औषधांचा डबा काढून बघा. किती रेघा निघतात ते!

जानेवारी २०२४मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना पत्र लिहिलं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी लिहिलं ते चिठ्ठीवर नमूद करावं आणि केमिस्टने चिठ्ठीशिवाय ते विकू नये. हे महासंचालक होते डॉ. अतुल गोयल, आमच्या परळच्या केईएममध्ये वर्षानुवर्षं मेंदूच्या शस्त्रक्रिया केलेले. काकांनी ते पत्र छापून काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. केरळने तर त्याच महिन्यात ‘ऑपरेशन अमृत’ सुरू करून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर छापे घातले. तिथे ही औषधं ओळखू यावीत म्हणून निळ्या पाकिटातून द्यायचीही कल्पना निघाली. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडाही आला.

म्हणजे कायदे आहेत, पत्रं आहेत, आराखडे आहेत. तरी मला ती स्ट्रिप मिळालीच ना? का मिळाली, ते काकांनीच सांगितलं.

‘‘ताई, मी ‘नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक त्या एका गोळीसाठी जात नाही. बीपीची, शुगरची महिन्याची सगळी औषधं घेऊन दुसऱ्या दुकानात जातं. तुम्ही नाही का गेलात?’’

मी मान खाली घातली. खरंच, दीड वर्ष मी त्यांच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. एक नाही म्हणतो आणि शेजारचा देतो, अशा वेळी नुकसान प्रामाणिक माणसाचंच होतं. त्यात भर म्हणजे कित्येक दुकानांत परवाना एका फार्मासिस्टच्या नावावर असतो आणि काउंटरला बारावी झालेला मुलगा उभा असतो. २०११ ते २०१४ या काळात महेश झगडे राज्याचे अन्न व औषध आयुक्त असताना याच मुद्द्यावर प्रशासनाने बडगा उगारला होता. दुकानात फार्मासिस्ट हजर हवाच, चिठ्ठी आणि बिल हवंच. केमिस्ट संघटना चिडल्या, बंद पुकारले गेले. आपण ग्राहक मात्र तेव्हा ‘दुकानं बंद, गैरसोय’ एवढंच म्हणत राहिलो.

खोकल्याची तिसरी बाटली

आता दुसरी गोष्ट सांगते. यात काका नुसते ‘नाही’ म्हणून थांबले नाहीत.

आमच्या चाळीत खेडकडची एक नवी सून आली होती. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. तिचा नवरा खोकल्याची बाटली न्यायला आला, महिन्यात तिसऱ्यांदा. काकांनी बाटली हातातच धरून विचारलं, ‘‘कुणाला खोकला? किती दिवस? संध्याकाळचा ताप येतो? वजन कमी झालंय?’’ दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकी तपासायचीच, हे ज्यांना माहीत असतं त्यांचे हे प्रश्न. बाटली न देता त्यांनी त्याला महापालिकेच्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. तपासणीत टीबी निघाला. हल्लीच्या यंत्रावर दोन तासांत टीबी तर कळतोच, पण त्यातलं मुख्य औषध, रिफॅम्पिसिन, लागू पडेल की नाही तेही कळतं. सुदैवाने तिला लागू पडणारा होता.

मुंबईत हे ‘सुदैवाने’ फार जपून म्हणावं लागतं. डिसेंबर २०११मध्ये इथून जवळच, माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला सांगितलं की, त्यांच्याकडे आलेल्या काही टीबी रुग्णांवर तपासलेलं एकही औषध चालत नाही. त्या टीबीला काय नाव द्यावं यावर वाद झाला, पण जंतू कुठे नावाला घाबरतात? दोष फक्त दुकानदारांचा नव्हता. डॉ. उदवाडियांच्याच २०१०च्या अभ्यासात धारावीतल्या १०६ खासगी डॉक्टरांपैकी फक्त ६ जणांना टीबीची अचूक चिठ्ठी लिहिता आली होती. औषधांच्या ६३ तऱ्हेतऱ्हेच्या जोडण्या निघाल्या!

केमिस्टचं काय? दिल्ली, मुंबई आणि पाटणा इथल्या ६२२ औषध दुकानांत खोटे रुग्ण पाठवून केलेला एक अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. ‘दोन-तीन आठवडे खोकला-ताप आहे’ एवढंच सांगितलं तेव्हा फक्त १३ टक्के वेळा केमिस्टने योग्य ते केलं, म्हणजे अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड न देता डॉक्टरकडे पाठवलं. ३७ टक्के वेळा अँटिबायोटिक हातात पडलं. पण रुग्णाने टीबीचा रिपोर्ट दाखवला, तेव्हा योग्य वागण्याचं प्रमाण ६२ टक्क्यांवर गेलं. आणि टीबीची मुख्य औषधं मात्र एकाही दुकानाने अशी हातोहात दिली नाहीत. मला यातून वाटतं ते असं, की केमिस्टला समोर काय आहे हे कळलं तर तो बहुतेक वेळा बरोबर वागतो. त्याला कळवायचं काम निम्मं आपलं आहे.

मार्च २०१८पासून तर टीबीचं औषध विकणाऱ्या केमिस्टने सरकारला कळवणं बंधनकारकच झालं आहे. त्याच्याही कितीतरी आधी मुंबईतल्या फार्मासिस्टना टीबीचं प्रशिक्षण देऊन दुकानातून डॉट्सच्या गोळ्या देण्याचे प्रयत्न इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने केले. प्रा. मंजिरी घरत यांच्यासारख्या फार्मसीच्या शिक्षिका त्यात होत्या.

तर आमची ती सून. औषधं सरकारी, फुकट. पण सहा महिने! काकांनी पहिल्याच दिवशी तिच्या नवऱ्याला सांगून ठेवलं, ‘‘या गोळीने लघवी केशरी-लाल होते. घाबरून बंद करायची नाही.’’ खरंच तिसऱ्या दिवशी पोरगी घाबरून रडली. आधी सांगितलं नसतं, तर तिथेच कोर्स सुटला असता.

त्याच संध्याकाळी काकांनी मला बोलावलं. जरा अवघडले होते. ‘‘ताई, एक विचारायचंय, पण मी विचारणं बरं दिसणार नाही. ती मुलगी पाळणा लांबवायच्या गोळ्या घेते का? टीबीच्या या औषधाने त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. दुसरा उपाय डॉक्टरांना विचारायला हवा.’’ मी विचारलं. घेत होती! तिने हे दवाखान्यात सांगितलं नव्हतं, सासू शेजारी बसली होती ना. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेले.

सहा महिने पूर्ण झाले त्या दिवशी तिने काकांच्या दुकानात पेढे ठेवले. काकांना मधुमेह, पण त्यांनी अर्धा खाल्ला.

चादरीवरची औषधं

यावरून मला मंडळात एक कार्यक्रम सुचला. हळदीकुंकवाच्या दिवशी वाण म्हणून काही देण्याऐवजी मी बायकांना सांगितलं, येताना घरातला औषधांचा डबा घेऊन या. काकांनाही बोलावलं. जमिनीवर चादर अंथरली आणि सगळ्यांनी आपापला डबा तिच्यावर पालथा केला. अर्ध्या स्ट्रिपा, एकेक सुटी गोळी, तारीख कापून गेलेल्या, मुलांच्या सिरपच्या अर्ध्या बाटल्या... चादर दिसेनाशी झाली! लाल रेघवाल्या वेगळ्या काढल्या तर सुपलीभर भरल्या.

‘‘प्रत्येक अर्धी स्ट्रिप म्हणजे एक अर्धवट लढाई,’’ काका म्हणाले. मग त्यांनी एकेक वस्तू उचलून सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी शिकलेलं तुमच्यासाठी इथे देते:

* अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस घ्यायचं. बरं वाटलं म्हणून मनाने थांबवायचं नाही आणि मनाने वाढवायचंही नाही. त्रास होत असेल तर फोन करून विचारायचं.
* चिठ्ठी एका आजारपणापुरती. जुनी चिठ्ठी किंवा रिकामी स्ट्रिप दाखवून पुन्हा आणायचं नाही. थोरल्याचं औषध धाकट्याला द्यायचं नाही, मुलांचं औषध वजनावर ठरतं.
* मुलांच्या सिरपची पावडर येते, तिच्यात उकळून गार केलेलं पाणी बरोबर खुणेपर्यंत घालायचं. दर वेळी बाटली हलवायची. लेबलवर लिहिलेले दिवस संपले की ते औषध संपलं.
* काही अँटिबायोटिक्स दुधाबरोबर किंवा लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर अंगी लागत नाहीत. आपण बायका या गोळ्या घेतोच. म्हणून केमिस्टला विचारायचं, ‘‘कशाबरोबर घेऊ, कशाबरोबर नको?’’
* दिवस गेलेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठलं असेल तर ते न विचारता सांगायचं.
* डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं, ‘‘याला अँटिबायोटिक खरंच लागेल का?’’ आपण ‘स्ट्राँग औषध द्या’ म्हणून मागे लागतो, म्हणूनही ते कधी कधी लिहिलं जातं.
* जुलाबावर पहिलं औषध म्हणजे जलसंजीवनी. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक. रक्त पडत असेल, मूल मलूल झालं असेल तर लगेच दवाखाना.
* हात धुणं, पाणी उकळणं आणि मुलांच्या लसी वेळेवर देणं. आजारच झाला नाही तर गोळीचा प्रश्नच नाही.

आमच्यातल्या एकीने विचारलं, ‘‘आणि कोंबडीतून येतं म्हणतात ते?’’ काका म्हणाले, ‘‘खरं आहे. जनावरं-कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणूनही ही औषधं दिली गेली. त्यातलं कोलिस्टिन, जे माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं, ते २०१९मध्ये सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यास बंदी केली.’’

जुन्या औषधांचं काय करायचं हा प्रश्न आलाच. मोरीत किंवा संडासात ओतायची नाहीत, कारण तिथून ती पाण्यात जातात आणि जंतूंची शिकवणी तिथेही सुरू होते. काकांनी ती सुपली स्वतः बरोबर नेली.

तुमच्या गावातलं मेडिकल

तुम्ही म्हणाल, तुमच्या मुंबईत चौकाचौकात दुकान, आमच्या गावात एकच मेडिकल आणि डॉक्टरच पुडीत सुट्या गोळ्या बांधून देतात. माझं माहेर तालुक्याच्या गावचं आहे, मला ते माहीत आहे. पण पुडीवरही नाव लिहून मागता येतं. ‘‘डॉक्टरसाहेब, यात अँटिबायोटिक कुठली, किती दिवस घ्यायची?’’ एवढं विचारलं तर कुणी रागावत नाही. आणि मेडिकलमध्ये गेल्यावर भिंतीकडे पाहा. नोंदणीकृत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये लावलेलं असतं. ‘‘हे साहेब आहेत का? मला त्यांच्याशीच बोलायचंय,’’ असं म्हणा. तो माणूस निव्वळ दुकानदार नाही, दोन-चार वर्षं औषधांचं शास्त्र शिकलेला आहे. आपण विचारत नाही म्हणून त्याचं शिक्षण गल्ल्यावर सुटे पैसे मोजण्यात जातं. बचत गटाच्या सभेला त्याला एकदा बोलवा. चादर अंथरा. बघा काय काय निघतं ते.

आणि त्याने कधी ‘नाही’ म्हटलं, तर माझ्यासारखं दुसऱ्या दुकानात जाऊ नका. महिन्याची औषधं त्याच्याकडूनच घ्या. ‘नाही’ म्हणणाऱ्याचं दुकान चाललं पाहिजे.

गेल्या गणपतीत मुलगा पुन्हा तापला. तो आता माझ्यापेक्षा उंच झालाय. मी काकांकडे गेले, तापाची गोळी घेतली, अजून काही मागितलं नाही. काकांनीच विचारलं, ‘‘आणखी काही?’’ म्हटलं, ‘‘नाही.’’ दोघंही हसलो. चौथ्या दिवशी ताप गेला.

घरी सासूबाई बिस्किटाच्या डब्यात आता दोरे आणि सुया ठेवतात. परवा शेजारीण गोळी मागायला आली, ‘‘आजी, तुमच्याकडची ती जळजळीची एखादी असेल ना?’’ तर दारातूनच म्हणाल्या, ‘‘नाही गं बाई. आमच्याकडे आता फक्त सुया. चल, तुला काकांकडे नेते. ते सांगतील कुठल्या दवाखान्यात जायचं ते.’’ आणि काठी टेकत स्वतः जिना उतरल्या.